पणजीला किती घरे हवीत, हे आधी मोजा : महानगरपालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. महापौर, उपमहापौर, सर्व नगरसेवक आणि आयुक्त,
पणजी महानगरपालिका.

सप्रेम नमस्कार.

‘परवडणारी घरे’ हे शब्द प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतात आणि निकाल लागला की विरून जातात. घर कुणासाठी, केवढे, विकत की भाड्याने, कोणत्या प्रभागात, एवढे विचारले की चर्चा थांबते. शहराच्या घरांच्या गरजेचा आराखडा महानगरपालिकेने स्वतः करावा आणि त्याची सुरुवात बांधकामाने नव्हे, मोजणीने करावी, ही या पत्रातली मागणी आहे. इमारती, जमिनीची कागदपत्रे आणि मोजणी हेच आमचे रोजचे काम असल्याने पुढचे सगळे तपशिलानेच लिहितो आहोत.

एक आक्षेप आधीच बाजूला काढू. ‘नियोजन आमच्या हातात नाही’ असे उत्तर पालिकेकडून येते आणि ते खोटेही नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात पालिकांची १८ कामे दिली, त्यातले पहिलेच नगरनियोजन. पण गोव्यात जमिनीचा वापर आणि एफएआर (भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम चालेल ते प्रमाण) ठरवतात ते १९७४ च्या कायद्याखालचे नगरनियोजन खाते आणि पीडीए, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरण. पालिकेच्या हाती उरते ते बांधकाम परवाना, ऑक्युपन्सी (राहायला जाण्याचा दाखला), घरपट्टी, कचरा आणि स्वतःच्या मालकीच्या जागा. हे थोडके नाही. बाकीच्या खात्यांकडे नकाशे आहेत. नकाशावरच्या घरात आज कोण राहते, हे सांगू शकेल अशी नोंदवही मात्र फक्त तुमच्याकडे आहे.

ही नोंदवही म्हणजे घरपट्टीची वही. तिच्यात मालकाचे नाव, घर क्रमांक, क्षेत्रफळ आणि वापर असतो. उणीव दोन ठिकाणी. मालक वारला तरी नाव तेच राहते, आणि वापराच्या रकान्यात ‘निवासी’ लिहिलेल्या घरात कुटुंब राहते, पर्यटक उतरतात की कुलूप असते, ते कळत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण दर पाच घरांमागे एक रिकामे सापडले होते. पणजीपुरता आजचा आकडा काढायला पुढच्या जनगणनेची वाट पाहायचे कारण नाही. घरपट्टीचा घर क्रमांक वीज खात्याच्या ग्राहक क्रमांकाशी जोडला की अर्धे काम होते. एकटा फ्रिज महिन्याला १५ ते २० युनिट खातो. त्यामुळे सलग सहा महिने १० युनिटच्या आत राहणारा मीटर बंद घराचा समजायला हरकत नाही. एरवी गप्प असणारा आणि डिसेंबरात, लांबच्या सुट्ट्यांत उसळणारा मीटर पर्यटकांच्या घराचा. बारा महिने एका पातळीवर चालतो तो राहत्या कुटुंबाचा.

हे गणित फसते कुठे, तेही सांगतो. मळा आणि फोंताईन्यास या भागांतल्या जुन्या घरांत एका मीटरवर तीन चुली चालतात. वीज बिल पाहून ते एकच सुखवस्तू कुटुंब वाटेल. उलट, राखणदाराने रात्रभर दिवे आणि दिवसा पंप चालवला तर बंद बंगला राहता दिसतो. म्हणून तिसरी खूण घ्यावी ती कचऱ्याची. दारोदार कचरा उचलणाऱ्या कामगाराला कोणत्या दाराबाहेर ओल्या कचऱ्याची बादली कधीच नसते, हे तोंडपाठ असते. त्याला एका कागदावर तीनच खुणा करायला द्या : रोज, कधीमधी, कधीच नाही. दोन महिन्यांत वस्तुस्थिती समोर येईल, आणि एखाद्या सल्लागार कंपनीच्या जाडजूड अहवालापेक्षा ती जास्त विश्वासाची असेल. या कामाचे कामगारांना वेगळे पैसे मात्र द्यावेत; फुकटची मोजणी दुसऱ्या आठवड्यात अंदाजाने भरली जाते.

रिकामी घरे मोजली म्हणजे गरज मोजली, असे नव्हे. शहरी घरटंचाईवरच्या केंद्राच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशाची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख घरे धरली होती. त्यातली साधारण ८० टक्के तूट बेघरांची किंवा झोपड्यांची नव्हती, गर्दीची होती : लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली नाही. त्याच सुमारास देशाच्या शहरांत एक कोटीहून जास्त घरे रिकामी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे धोरण ठरवणाऱ्यांच्या पचनी लवकर पडत नाही. पणजीतही रस्त्यावर झोपणारा माणूस दिसतो म्हणून मोजला जातो. भाटल्यातल्या दोन खोल्यांत आई-वडील, दोन विवाहित भाऊ आणि मुले राहतात, ती कुणाच्याच यादीत येत नाहीत.

त्यासाठी घरोघरी जावेच लागेल. ३० प्रभाग, प्रत्येकात घरपट्टीच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली ३५ घरे, म्हणजे हजारभर अर्ज. प्रश्न आठच : खोल्या किती, माणसे किती, जोडपी किती, मालकी की भाडे, भाडे किती, कमाई कोणत्या गटात, पाणी-संडास घरात की बाहेर, आणि पाच वर्षांत वेगळे घर कुणाला लागणार. एवढ्या नमुन्यातून पूर्ण शहराचा आकडा तीन टक्क्यांच्या फरकाने मिळतो. प्रभागाचा मिळत नाही. ३५ घरांवर तो १६ टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतो, तेव्हा ‘माझ्या प्रभागात एवढी घरे हवीत’ असे कुणी या नमुन्यावरून सभेत सांगू लागल्यास त्याला तिथेच थांबवावे. कामराभाटसारख्या वस्तीत घरपट्टीची यादी अपुरी पडते. तिथे सगळी घरे मोजणेच बरे.

आता पैशांचे. महिना ५० हजार कमावणारे कुटुंब घ्या, पणजीत दोघांची नोकरी असलेली अशी घरे कमी नाहीत. कमाईच्या ३५ टक्के हप्ता धरला तर १७,५००. नऊ टक्के व्याज, २० वर्षे मुदत; लाखाला साधारण ९०० रुपये हप्ता. कर्ज बसते साडेएकोणीस लाखांचे, आणि २० टक्के रक्कम पदरची घातली तर २४ लाखांचे घर. याउलट, चौरस मीटरला एक लाख हा दर धरला, तर ६० चौरस मीटरचा फ्लॅट ६० लाखांना पडतो. ४८ लाखांचे कर्ज, ४३ हजारांचा हप्ता, म्हणजे कमाई सव्वा लाखाच्या घरात हवी. मुद्रांक आणि नोंदणी वेगळीच.

मग केंद्राची योजना या दोहोंमधली दरी भरून काढील का? प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. त्यातली व्याज सवलत मिळते ती वर्षाला ९ लाखांपर्यंत कमाई असलेल्यांना, घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असेल तर. पहिल्या ८ लाखांवर चार टक्के, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. पणजी शहरात ३५ लाखांत मिळणारा कुटुंबाचा फ्लॅट दाखवा, मग या सवलतीवर बोलू. योजनेतला दुसरा मार्ग स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचा. त्याला जागेची मालकी लागते आणि गोव्यात नेमके तिथेच घोडे अडते. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, घरात चार पिढ्या राहिला तरी एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या नोंदीत) मालक भाटकारच, म्हणजे जमीनदार. १९७५ च्या मुंडकार कायद्याने पालिका क्षेत्रात घरासह २०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क दिला, पण मामलेदारासमोर ‘मुंडकार’ म्हणून नोंद आणि मग खरेदी, अशा दोन पायऱ्या आहेत. बरेच जण पहिलीवर थांबतात, घरपट्टी आपल्या नावावर आहे म्हणजे घरही झाले अशा समजुतीत. घरपट्टीने मालकी येत नाही. घरपट्टी खिडकीवर हे मोठ्या अक्षरांत लावले, तरी पुष्कळांचे डोळे उघडतील.

या पत्रातला सगळ्यात मोठा मुद्दा मात्र जुन्या, कुलूपबंद घरांचा आहे, कारण तिथे शहराकडे तयार भिंती आहेत. मळा, फोंताईन्यास, साओ तोमे, रायबंदर. घर बंद पडते ते बहुतेक वेळा मालक श्रीमंत आहे म्हणून नव्हे, मालक फार आहेत म्हणून. आपल्याकडच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि मुलांचा अर्धा वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. एक जण वारला की अर्धा हिस्सा जोडीदाराचा, उरलेला मुलांचा, आणि प्रत्येक विवाहित मुलासोबत त्याच्या जोडीदाराची सहीही लागते. तीन पिढ्या वाटणी झाली नाही तर एका घराला वीस-पंचवीस सह्या सहज होतात. त्यातल्या काही लिस्बनमध्ये, काही मुंबईत, काही टोरोंटोत.

सोडवायचा रस्ता ठरलेला आहे, फक्त लांब. खास नोटरीकडे वारसाचे डीड करायचे. त्यावर सगळे एकमताने वाटणी करत असतील तर उत्तम. नसतील तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी. तिथे मालमत्तेची यादी होते, मोल ठरते, आणि घर तोडून वाटण्यासारखे नसले की वारसांत आपसात बोली लागते. ज्याची बोली वर गेली त्याने इतरांना पैसे द्यायचे, घर एकाच्या नावावर. त्यानंतर म्युटेशन, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नवे नाव, आणि शेवटी तुमच्याकडे घरपट्टीवर नाव. प्रकरणे अडतात ती बव्हंशी परदेशातल्या मुखत्यारपत्रांवर. पोर्तुगालहून ते अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) होऊन येते, पण भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे कुणी सांगत नाही. मुदत टळते आणि दंड भरा नाहीतर नवे मागवा, अशी वेळ येते. एक बेपत्ता वारस निघाला तर नोटिसा छापण्यात वर्ष जाते.

या मधल्या काळात घर पावसात उभे असते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो. पहिल्या वर्षी चार कौले सरकतात. पाणी वाशाच्या टोकाला आणि भिंतीच्या माथ्यावर बसते. जुन्या चिऱ्याच्या भिंतीत जोडणी मातीची असली तर दुसऱ्या पावसाळ्यात ती धुपून सांधे मोकळे होतात, गिलाव्याला पोट येते. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात वासा कुजून भिंतीला बाहेर ढकलतो आणि भिंत रस्त्यावर येते. सुरुवातीला कौले बसवायला आणि माथ्यावर चुन्याचा थर द्यायला जो खर्च येतो, त्याच्या कित्येक पट मग पाडकामाला आणि राडारोडा उचलायला लागतो. तरीही छप्पर बदलायचा अर्ज आला की खिडकीवर ‘सगळ्या सहमालकांचा ना-हरकत दाखला आणा’ असे उत्तर मिळते, आणि वीस सह्यांच्या शोधात पावसाळा उजाडतो.

इथे महानगरपालिकेला उद्यापासून करण्यासारखे काम आहे. जोत्याचा आकार, उंची आणि वापर बदलत नसेल, तर जुन्या घराच्या छपराची व भिंतीची दुरुस्ती एका सहमालकाच्या अर्जावर, हमीपत्र घेऊन मंजूर करावी. घर टिकवण्यासाठी एका वारसाने केलेल्या खर्चाने इतरांचा हक्क कमी होत नाही, असे त्या हमीपत्रातच लिहून घ्यावे. संवर्धन क्षेत्राची परवानगी वेगळी लागते, तिथे दोन्ही अर्ज एकाच खिडकीवर घ्यावेत. आणि महिन्यातून एक दिवस वारसा-कागदपत्रांच्या सल्ल्याला एक वकील आणि एक मोजणीदार पालिकेत बसवावा. याच्या बदल्यात शहराने मागावे एकच : दुरुस्त झालेले घर पाच वर्षे पर्यटकांना न देता राहायला द्यायचे. त्याबदली घरपट्टीत सूट. बंद घरावर जादा पट्टी लावा, अशी सूचना काही जण करतात. ती आम्ही करत नाही. मालक एक दिवा लावून ठेवतो आणि नोंदवहीतले सगळे आकडे खोटे पडतात.

नव्या बंद फ्लॅटचे कारण वेगळे. मालकाला भाडेकरू नको असतो, कारण १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचे जुने खटले त्याने पाहिलेले असतात. म्हणून ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, वर्षाच्या आत संपणारा, नोंदणीविना. याचा चटका बसतो तो भाडेकरूला. दर ११ महिन्यांनी पत्ता बदलतो, काही मालक पत्त्याच्या पुराव्यासाठी सही देत नाहीत, आणि सरकारी योजनेसाठी मामलेदाराकडून १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागितला जातो. गोव्यातच जन्मलेला माणूस असा कागदावर बेपत्ता होतो. महानगरपालिकेने भाडेकराराची साधी नोंद स्वतःकडे ठेवली, कचरा शुल्काच्या पावतीवर राहणाऱ्याचे नाव छापले, तर पाच-सहा वर्षांत रहिवासाचा एक धागा तयार होतो. पर्यटकांना दिलेल्या फ्लॅटबाबत नवा कायदा लागत नाही. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे यादी असते, ती घरपट्टीच्या वहीशी ताडून पाहावी, बस.

१९७०-८० च्या दशकांतल्या काँक्रीटच्या इमारतींचा प्रश्न दार ठोठावतो आहे. किनारी हवेत सळईवर काँक्रीटचे ४५ मिमी आवरण हवे, असे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची २००० सालची आवृत्ती सांगते. त्या काळच्या स्लॅबमध्ये १५-२० मिमीच सापडते. खारी हवा आत शिरते, सळई गंजते, गंजाचा आकार मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होतो, आणि सळईच्या रेषेत भेग पडून तुकडा सुटतो. त्यावर सिमेंटचा थर फासला की दोन वर्षे सुंदर दिसते आणि आत गंज चालूच. खरी दुरुस्ती म्हणजे सळईच्या मागपर्यंत काँक्रीट फोडणे, गंज खरवडणे, गेलेल्या सळईला जोड देणे आणि मग पॉलिमर मॉर्टर. पुनर्बांधणी का होत नाही, तर यातल्या काही इमारतींत आजच्या एफएआरपेक्षा जास्त बांधकाम आहे. पाडल्यावर तेवढेही परत बांधता येत नाही, वर पार्किंगची अट. मग बिल्डर फिरकत नाही आणि रहिवासी हलत नाहीत. असलेले क्षेत्रफळ तेवढे राखून पुन्हा बांधू द्यावे, असा ठराव सभेने करून पीडीएकडे पाठवावा. ज्यादा एफएआरची भीक नको. आहे तेवढे टिकू द्या.

पालिकेच्या स्वतःच्या जागांवर विक्रीची घरे बांधू नयेत, ही आमची ठाम भूमिका. एकदा विकले की दुसऱ्या मालकाकडे तो बाजारभावाचा फ्लॅट झाला. भाड्याची बांधावीत, सफाई कामगार, परिचारिका, बाजारातले मदतनीस यांच्यासाठी. हिशेब असा : १,००० चौरस मीटरचा भूखंड, एफएआर १०० टक्के, म्हणजे भूखंडाएवढेच बांधकाम. आतून ३० चौरस मीटरच्या घराला भिंती, जिना, वाट धरून ४५ लागतात, म्हणजे २२ घरे. चौरस मीटरला २८ हजार खर्च धरला तर एका घराला १२ लाख ६० हजार, जमीन सोडून. महिना ६ हजार भाडे, त्यातून वर्षाला बांधकाम खर्चाच्या दीड टक्का देखभाल आणि भाड्याच्या पाच टक्के रिकामा काळ वजा. वर्षाला हाती राहतात ४९ हजार. बिनव्याजी धरले तरी पैसा फिटायला २५ वर्षे. भांडवली अनुदान मिळाल्याशिवाय हे जमत नाही, आणि देखभालीचा पैसा वेगळ्या खात्यात बांधून ठेवला नाही तर सातव्या-आठव्या वर्षी गच्ची गळते आणि भाडे थकते. पाणी माणशी १३५ लिटर धरा. जागा निवडताना सांतइनेज खाडीलगतच्या किंवा मळ्याच्या सखल भरावाला हात लावू नका. भरती आणि पाऊस एकत्र आला की तिथे सांडपाणी उलटे येते.

शेवटी हद्दीचे. २०११ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ४० हजार लोक होते. पण पणजीत काम करणारे राहतात ताळगाव, मेरशी, सांताक्रूझ, चिंबल आणि पर्वरीत, आणि तिथे परवाना देते पंचायत. वरच्या हजार अर्जांत या पाच ठिकाणांचे निदान २०० वेगळे जोडावेत, नाहीतर शहराने बाहेर ढकललेली माणसे शहराच्या गरजेतून आपोआप वगळली जातील.

पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे दोनच विषय ठेवावेत : घरपट्टी आणि वीज नोंदी जोडण्यासाठी वीज खात्याशी करार, आणि एका सहमालकाच्या अर्जावर दुरुस्ती परवाना. करारात ग्राहकाचे नाव आणि क्रमांक बाहेर जाणार नाही, आकडे रस्त्यानुसार एकत्र करूनच प्रसिद्ध होतील आणि वीसपेक्षा कमी घरांची गल्ली शेजारच्या गल्लीत मिळवली जाईल, ही अट पहिल्याच पानावर घालावी. कुठले घर बंद आहे याची यादी फुटली तर तिचा पहिला वाचक चोर असेल.

आपले,
पणजी परिसरात घरबांधणी, मोजणी आणि जमिनीच्या कागदपत्रांचे काम करणारे काही वास्तुरचनाकार, अभियंते, मोजणीदार आणि वकील